दुखलं म्हणजे रियाझ झाला?

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी सांगतंच, "बोटं दुखल्याशिवाय गिटार येत नाही." मलाही सांगितलं होतं, हॉस्टेलवर, एका सीनिअरने. त्याचं अर्धं बरोबर होतं. स्टीलच्या तारांनी बोटांची टोकं सुरुवातीला चुरचुरतात, काही आठवड्यांत तिथे घट्टे पडतात आणि विषय संपतो. उरलेलं अर्धं मात्र इतकं चुकीचं आहे की त्यापायी मला दीड महिना गिटारला हात लावता आला नाही.

झालं असं, की ऑफिसात रिलीज होतं. दिवसभर नऊ-दहा तास कीबोर्ड, साडेनऊला घरी, जेवण आणि थेट गिटार. एका मित्राच्या लग्नात चार गाणी वाजवायची होती, म्हणून पहिल्याच मिनिटाला बार कॉर्ड्स. वॉर्म-अप वगैरे जिमवाल्यांची कामं, असा माझा ठाम समज! मनगटाच्या आतल्या बाजूला ठणका लागायचा आणि मी खूश व्हायचो, की चला, मेहनत होतेय. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डाव्या हाताने चहाचा कप उचलवेना.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती चार वर्षं इंजिनिअरिंग करूनही मला माहीत नव्हती. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपर आणि मनगटाच्या मधे. तिथून दोऱ्यांसारखे नऊ टेंडन्स आणि त्यांच्यासोबत एक नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून पुढे येतात. म्हणजे गर्दीच्या वेळचा दादरचा पूल. मनगट वाकवून जोर लावला की त्या बोगद्यातला दाब आणखी वाढतो. आणि मी तर दिवसभर टायपिंग करून तोच पूल आधीच भरवून ठेवत होतो.

आपल्याकडे गायक सकाळी खर्ज लावतो. खालचे सूर, संथ, लांब. आल्या आल्या कोणी द्रुत ताना मारत नाही, आणि मारल्या तर गुरुजी बाहेर काढतील. तालमीतला पैलवानसुद्धा आधी जोर-बैठका काढतो, मग कुस्तीला उतरतो. गिटार हातात आली की मात्र आपण हे सगळं विसरतो, कारण आपले गुरुजी म्हणजे 'तीस दिवसांत वेग वाढवा'वाले व्हिडिओ.

त्या व्हिडिओंमधला लाडका व्यायाम म्हणजे एक-दोन-तीन-चार. चार बोटं, ओळीने चार फ्रेट, सहाही तारांवर. व्यायाम उत्तम आहे, पण लोक त्याची शर्यत करतात, आणि तीही पहिल्या फ्रेटपासून. जरा गणित बघा. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून साधारण साडेछत्तीस मिलिमीटरवर असतो. चौथ्या आणि पाचव्या फ्रेटमधलं अंतर मात्र २९, आणि सातव्याशी पोचेपर्यंत २६ च्या आत. म्हणजे थंड बोटांना आपण गिटारवरचा सगळ्यात मोठा ताण सगळ्यात आधी देतो! पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवरून सुरू करा, हात मोकळा झाला की एकेक फ्रेट खाली या. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला एक सूर. कंटाळा येतो, मान्य. पाच-सात मिनिटांचाच प्रश्न आहे.

त्याच्याही आधी मी आता एक प्रकार करतो. बोट तारेवर नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही, आणि तार छेडायची. ठप्प असा आवाज येतो. मग हळूहळू दाब वाढवत जायचं. आधी खरखर, मग एका क्षणी स्वच्छ सूर. बस्स, तिथेच थांबायचं, तेवढाच दाब पुरतो. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्या अगदी मागे असेल तर तो आणखी कमी लागतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा लक्षात आलं, की मी इतकी वर्षं गरजेपेक्षा किती तरी जास्त जोर लावत होतो. अंगठ्याचंही तेच. एक सूर वाजवताना अंगठा गिटारच्या मानेवरून क्षणभर उचलून बघा. सूर टिकला पाहिजे. नाही टिकला, तर तुम्ही गिटार वाजवत नाही आहात, चिमट्यात पकडताय.

आणि थोडी चीटिंग करायला काय हरकत आहे? सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्या तर ताण ११ टक्क्यांनी कमी होतो, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो (बारावीचं फिजिक्स कुठेतरी उपयोगी पडलं!). बारा गेजऐवजी दहाच्या तारा लावा. तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर दुकानात नेऊन सेट-अप करून घ्या. याला कमीपणा मानणारी मंडळी भेटतात. त्यांना आपल्या मनगटाचं बिल पाठवता येत नाही.

मुंग्या येत असतील, बोट बधिर होत असेल किंवा ठणका रात्रभर टिकत असेल, तर मात्र वॉर्म-अपने भागणार नाही. गिटार खाली ठेवा आणि डॉक्टरकडे जा. मी तीन आठवडे उशीर केला होता.

लग्नात शेवटी दोनच गाणी वाजवली, कॅपो लावून, एकही बार कॉर्ड न धरता. कोणाच्या लक्षातही आलं नाही. नवरदेवाच्या तर नाहीच, तो जेवत होता.

आता रोज रात्री दहाला मेट्रोनोम लागतो. परवा शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "अरे, तुमच्या नळाचा वॉशर गेलाय का?"