बाळंतपणात सोबत कुणाची?

“बाई, आमच्या सूनबाईंनी पुण्यात बाळंतपणासाठी एक बाई ठरवली आहे. ती सुईण नाही, नर्स नाही, इंजेक्शनसुद्धा देत नाही म्हणे. मग पैसे घेते ती कशाचे?” रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजींनी मला परवा हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त आहे.

या बाईला ‘डूला’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सेविका. डॅना राफेल या अमेरिकन विदुषींनी १९७३ मध्ये आपल्या पुस्तकात तो वापरला आणि पुढे तो रूढ झाला. डूलाचे काम म्हणजे कळा सुरू झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंत त्या स्त्रीजवळ थांबणे. कंबर चोळणे, पाणी पाजणे, उठवून चालायला लावणे, श्वास कसा घ्यायचा ते सांगणे आणि मुख्य म्हणजे ‘होतंय सगळं नीट’ असा धीर देणे. आतून तपासणी करणे, औषध देणे, बाळंत करणे ही कामे तिची नव्हेत.

एवढ्याने काय होणार, असे मलाही वाटत असे. पण ग्वाटेमालामधील एका रुग्णालयात डॉ. क्लाउस, डॉ. केनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलटकरणींजवळ एक अनोळखी बाई नुसती सोबतीला बसवून पाहिली. १९८० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोबत मिळालेल्या स्त्रिया कितीतरी लवकर मोकळ्या झाल्या होत्या. तो अभ्यास अगदी लहान होता. पुढे २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २६ अभ्यासांतील १५ हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. त्यात कळांचा काळ सरासरी चाळीसएक मिनिटांनीच कमी दिसला. पण सिझेरियनचे प्रमाणही सुमारे पाव हिश्शाने कमी दिसले, आणि ही काही लहान गोष्ट नाही.

कारण समजायला अवघड नाही. माणूस घाबरला की शरीरात ॲड्रिनॅलिन वाढते आणि गर्भाशयाच्या कळा मंदावू शकतात. भीतीने अंग आखडते, वेदना अधिक जाणवतात, त्याने भीती आणखी वाढते. हे चक्र ओळखीचा हात जितक्या सहज तोडतो, तितके आमचे औषध तोडत नाही.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. पूर्वी घरी बाळंतपण होई तेव्हा सुईण असे, आई असे, शेजारची एखादी अनुभवी काकू असे. त्या काळी कितीतरी बायका आणि बाळे दगावत, म्हणून ते दिवस परत यावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. दवाखान्यातच बाळंत व्हावे. मात्र दवाखान्यात आलो आणि सोबत तेवढी दाराबाहेर राहिली. सारे घर व्हरांड्यात, आणि जिला गरज ती आत टेबलावर एकटी! मी स्वतः बरीच वर्षे नातेवाइकांना बाहेर काढत आले. गर्दी नको, जंतुसंसर्ग नको ही कारणे होती. खरे सांगायचे तर कुणी बघत नसले की कामाला सोपे जाते, हेही एक कारण होते.

केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्याची मुभा दिली आहे. ती नात्यातली स्त्री असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबण्याची तयारी असावी आणि डॉक्टर-नर्सच्या कामात तिने मध्ये पडू नये. जिथे आडोशाची सोय आहे, तिथे नवऱ्यालाही परवानगी देता येते. ‘एका खोलीत चार टेबले, कुणाला आत घेऊ?’ ही अडचण खरी आहे, पण पडद्याला काही लाखो रुपये लागत नाहीत. तेव्हा आठव्या महिन्यातच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, मग दवाखाना सरकारी असो की खासगी. ऐन वेळी दारात वाद नको.

मग पैसे देऊन डूला ठरवावी का? परगावी नोकरी, जवळ कुणी नाही, किंवा आई स्वतःच घाबरट आहे, अशा मुलीने जरूर ठरवावी. तिने शिक्षण कुठे घेतले, किती बाळंतपणांना बसली आहे, रात्री-अपरात्री येईल का, आणि तीच आजारी पडली तर दुसरे कोण, हे आधी विचारावे. पैशांत काय काय धरले आहे ते कागदावर घ्यावे. आणि ती तुमच्या डॉक्टरांना चालते का, हेही पाहावे. ‘दवाखान्याची गरजच नाही, सिझेरियन होऊच द्यायचे नाही’ असे सांगणारी असेल तर दारातूनच परत पाठवा. रक्त जाऊ लागले, झटके आले, बाळाचे ठोके मंदावले तर तिथे धीर देऊन भागत नाही.

आजींनी हे सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, “म्हणजे मी गेले तरी चालेल की!”

चालेल, म्हटले. पण सूनबाईंना तुम्ही हव्या आहात का ते त्यांनाच विचारा, आणि पंधरा दिवस चाललेला तो खोकला आधी तपासून घ्या. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.