मागच्या चाकाचा आवाज आणि हेतूची परीक्षा

मुकुटबनहून वणी, वरोरा या मार्गाने भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघालेल्या गाडीत मागून आवाज येऊ लागला, की पुष्कळदा गाण्यांचा आवाज वाढवून तो झाकला जातो. नाहीतर गॅरेजमध्ये ‘मागून आवाज येतो, बघा’ एवढेच सांगून गाडी सोपवली जाते. पहिल्या उपायात जीविताला धोका आहे, दुसऱ्यात व्यर्थ खर्चाचा. अपुऱ्या माहितीवर आधी शॉकअप बदलले जातात, मग बुश बदलले जातात आणि आवाज मात्र जागच्या जागी राहतो.

आवाज हे केवळ चिन्ह आहे. चिन्हावरून कारणाकडे कसे जावे, याचा विचार जैन न्यायशास्त्राने फार पूर्वी केला. पात्रस्वामींच्या नावाने ओळखला जाणारा आणि अकलंकदेवांनी विस्तारलेला सिद्धांत असा, की खऱ्या हेतूचे एकच लक्षण असते: अन्यथानुपपत्ती. ज्या कारणावाचून ते चिन्ह संभवतच नाही, तेच अनुमान ग्राह्य. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, कारण अग्नीवाचून धूर उद्भवत नाही. हीच कसोटी गाडीलाही लावता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि आवाज राहतो की जातो, हे पाहावे.

आरंभ डिक्कीपासून करावा. जॅक, पाना, स्टेपनी, पूजेचा डबा, सारे बाहेर काढून त्याच रस्त्यावरून पुन्हा जावे. खडखड थांबली तर प्रश्न तेथेच मिटला. ती राहिली, तर एका जाणत्या व्यक्तीने मागच्या आसनावर बसून ऐकावे. चालकाचे लक्ष रस्त्यावरच असावे.

मग गाडी मोकळ्या जागी उभी करून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. उभ्या गाडीतही आवाज इंजिनाबरोबर चढत-उतरत असेल, तर संशय सायलेन्सरवर किंवा त्याला धरून ठेवणाऱ्या रबरांवर जातो. आवाज फक्त धावतानाच येत असेल आणि त्याच वेगात गिअर बदलूनही तसाच राहत असेल, तर इंजिनाला दोष देण्याचे कारण उरत नाही, चाकांकडे वळावे.

वेगाबरोबर वाढणारी घूंघूं दोन ठिकाणांहून येते: बेअरिंग किंवा असमान झिजलेला टायर. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच सूर बदलला, तर टायरचा संभव अधिक. मागचे टायर पुढे लावल्यावर आवाजही पुढे सरकला, तर निर्णय पक्का. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. त्या वेळी घूंघूं वाढली, तर डावे बेअरिंग तपासावे. डावीकडच्या वळणाचा अर्थ याच्या उलट. बोलेरोसारख्या मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडताच सूर पालटला, तर डिफरन्शियल पाहावे. गाडी निघताना ‘टण’ असा ठोका आला, तर शाफ्टचा क्रॉस.

झरी-जामणी तालुक्यातील या भागात कोळसा, चुनखडी व सिमेंट यांची अवजड वाहतूक चालते आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांना चिकटतो. रिमच्या आत वाळलेला चिखल चाकाचा तोल बिघडवतो आणि वेगात गाडी थरथरते. तेथे पाण्याची बादली पुरे. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी किंचित घासतात व थोड्या वापराने शांत होतात. ती किरकिर दिवसभर टिकली, तर लायनर झिजले असावेत. टाकी भरलेली असताना ब्रेक दाबल्यावर ऐकू येणारी खळखळ मात्र केवळ इंधनाची असते.

काही आवाज परीक्षेलाही अवसर देत नाहीत. चाकाच्या फेऱ्याबरोबर टकटक ऐकू आली आणि मागचा भाग डुलू लागला, तर गाडी तत्काळ कडेला घ्यावी. नट सैल असू शकतात. चाक काढून बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा आवळून घ्यावेत. सायलेन्सर फुटल्याची शंका असल्यास काचा उघडाव्यात आणि गाडी लवकरात लवकर थांबवावी; कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि मागे झोपलेल्या मुलांना तो जागे करत नाही. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

एवढी परीक्षा करून गॅरेजमध्ये गेलेला श्रावक सांगू शकतो: ‘साठच्या वेगाला, उजव्या वळणावर, डाव्या मागच्या चाकातून घूंघूं वाढते.’ या एका वाक्याने मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि नको तो भाग बदलला जात नाही.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी प्रमादाला प्रथम स्थान दिले आहे. सैल झालेले चाक सुटले, तर ते मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला चुकवून जात नाही. दोष ओळखता न येणे हे अज्ञान आहे आणि ते विचारून दूर होते. ऐकू आलेला आवाज न ऐकल्यासारखा करून पुढे जाणे हा प्रमाद आहे. तीर्थयात्रेचे पुण्य जोडायला निघालेल्याने हा भेद घरातून निघण्यापूर्वीच ध्यानी धरावा.