वडशाच्या पोरानं रिकार्डो का वाचावा

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडचा एखादा मुलगा बी.ए.ला अर्थशास्त्र घेतो, पुढं आंतरराष्ट्रीय व्यापार आणि गुंतवणूक शिकायचं म्हणतो, तेव्हा त्याला दोन प्रकारचे हितचिंतक भेटतात. पहिले म्हणतात, भरतीची तयारी कर. वनरक्षक, पोलीस, तलाठी, काहीतरी हाती लागेल. डॉलरचं मुंबई-दिल्लीवाले बघून घेतील. दुसरे चळवळीतले. त्यांच्या मते हे शास्त्रच लुटणाऱ्यांचं, त्याला विरोध करायचा असतो, त्याचा अभ्यास नव्हे. पहिल्यांना विषय दूरचा वाटतो, दुसऱ्यांना विटाळाचा. सल्ला मात्र एकच: पुस्तक मिटव.

धानाच्या पट्ट्यात उभं राहून हा विषय दूरचा म्हणायचा, याला हिंमत लागते. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारनं बासमती सोडून बाकी पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये उष्णा तांदळावर २० टक्के निर्यातशुल्क बसलं. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा साधारण ४० टक्के. एवढा मोठा दुकानदार शटर ओढतो तेव्हा बाजार हादरणारच. त्या ऑगस्टात जागतिक भाव १५ वर्षांतल्या उच्चांकावर गेले. त्या वेळी आपल्या बांधीत रोवणी झालेली किंवा चाललेली होती. ज्याचं धान पुढं आधारभूत केंद्रावर गेलं, त्याला साधारण धानाचा क्विंटलला २१८३ रुपये हमीभाव ठरलेला होता, त्याला बंदी जाणवली नसेल. पण एचएमटी लावणाऱ्याचं काय? नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं हे बारीक धान. त्याच्या गुणाची किंमत हमीभावात जेमतेम २० रुपये जास्त, म्हणून ते खुल्या बाजारात जातं. बंदी नसती तर तिथं भाव कुठवर गेला असता? हा फरक कोणाच्या खिशातून गेला, कोणाच्या ताटात पडला? शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त तांदूळ मिळावा हा हेतू वाईट नव्हे. पण त्याची वर्गणी कोणी भरली, हे विचारायला मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा कागदावर काढता याव्या लागतात. कनकीचीही, म्हणजे तुकडा तांदळाचीही, तीच गत. तिची निर्यात सप्टेंबर २०२२ मध्येच थांबवली होती. त्याआधीच्या वर्षी चीन तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होता.

यावर भरतीवाल्यांचा खरा जोरकस मुद्दा असा, की कळून उपयोग काय, निर्णय दिल्लीत होतो. अर्धं खरं आहे. पण सगळे निर्णय दिल्लीत होत नाहीत. पेसा आणि वनहक्क कायद्यानंतर या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात. लिलावाला समोर बसलेल्या ठेकेदाराला विडी कारखान्यांची मागणी ठाऊक असते, कर ठाऊक असतो. श्रीलंकेतल्या विडीला पान भारतातून जातं, आणि तिथलं आयातशुल्क इतकं जड की तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून होड्यांनी पान चोरून नेतात, हेही त्याला ठाऊक असू शकतं. ग्रामसभेला काय ठाऊक असतं? गेल्या वर्षीचा भाव. अभ्यासानं काय होतं ते बघा: याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. तो अधिकार अभ्यास मंडळात वर्षानुवर्षं बसून मिळाला, नुसत्या घोषणांनी नाही.

आता चळवळीतले मित्र. त्यांचा राग मला समजतो. याच जंगलातला बांबू सवलतीच्या दरानं बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला, आणि पुढं त्याच बल्लारपूर इंडस्ट्रीजनं २००७ मध्ये मलेशियातली, बोर्निओ बेटावरची साबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज विकत घेतली. कारखान्यासकट जंगलाचे हक्क. २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मित्र म्हणतील, बघा, हेच तुमचं शास्त्र. मी म्हणतो, हे नीट बघायलाच शास्त्र लागतं. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोनं १८१७ मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन तुलनात्मक लाभ मांडला, तो आपण पाच गुणांसाठी पाठ करतो. त्याच प्रकरणात त्यानं गृहीत धरलंय की भांडवल सहसा मायदेश सोडून जात नाही, आणि ही ओढ कमी झाली तर आपल्याला वाईट वाटेल असंही लिहिलंय. तेवढा भाग गाइडात नसतो. भांडवल बल्लारपूरहून बोर्निओला जाऊ लागलं की सिद्धान्ताचा पाया कुठं हलतो, हे रिकार्डोच दाखवतो. विरोधकाला याहून चांगलं हत्यार कोण देणार?

शास्त्र परक्याचं म्हणून टाकायचं असतं, तर बाबासाहेब आंबेडकर लंडनला गेलेच नसते. १९२३ चा त्यांचा रुपयावरचा ग्रंथ आणि चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढची साक्ष, दोन्ही ठिकाणी विनिमय दराचाच वाद आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यातदार खूश, म्हणजे देशाचा फायदा, असं तेव्हा मोठमोठे लोक सांगत. आंबेडकरांचं उत्तर सडेतोड होतं: हा नफा बाहेरून येत नाही; भाव चढतात, मजुरी मागं राहते, म्हणजे एका वर्गाचा लाभ दुसऱ्याच्या ताटातून निघतो. रुपया घसरल्याची बातमी आली की मला हे आठवतं, कारण आपल्या बांधीतलं पोटॅश जवळजवळ सगळं परदेशातून येतं. त्यांची जयंती वडशात दणक्यात होते. डीजेच्या खर्चात या ग्रंथाच्या किती प्रती येतील, हा हिशेब मी करत नाही.

तिसरा एक पक्ष आहे, तो अभ्यासाला विरोध करत नाही, त्याला अभ्यासाची गरजच वाटत नाही. गुंतवणूक आली की विकास आलाच! जानेवारी २०२५ मध्ये दावोसला महाराष्ट्र सरकारनं गडचिरोलीतल्या पोलाद प्रकल्पाचा करार केला, पुण्याच्या कल्याणी समूहाशी. पुणेकर आणि मुंबईकर सह्या करायला स्वित्झर्लंडला गेले. यात विदेशी काय होतं? हवा. देशी भांडवल कोणतं, थेट विदेशी गुंतवणूक कोणती, सामंजस्य करार आणि प्रत्यक्ष आलेला पैसा यात अंतर किती, एवढं दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारता आलं तरी पुष्कळ सभा लवकर संपतील.

नोकरी लागेल का, याला माझ्याकडे छातीठोक उत्तर नाही. भरतीचा फॉर्म भरू नये असंही मी म्हणत नाही. पण विषय शिकवायचा तर तो इथूनच शिकवला पाहिजे. राईस मिलचा भरडाईचा हिशेब, वडशाच्या मालधक्क्यावरून कोणता माल कुठं गेला याची नोंद, तेंदू लिलावाचे कागद, निर्यातीच्या अधिसूचना. पोर्तुगालची वाइन नंतर. आणि वर्षअखेरच्या पेपरात वीस गुणांचा एक प्रश्न: २० जुलै २०२३ च्या बंदीचा भार एचएमटीचा शेतकरी, गिरणीवाला, निर्यातदार आणि आफ्रिकेतला खाणारा यांच्यात कसा वाटला गेला, आकडे गोळा करून दाखवा. अभ्यासक्रमात बसत नाही, असं प्राध्यापक म्हणतील. बसवायला हवा.