गच्चीवरच्या विजेची चावी कोणाच्या हाती?

विरार पश्चिमेच्या बोळिंज परिसरात म्हाडाच्या वसाहतीपाठोपाठ उंच गृहसंकुले उभी राहिली. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचे वीजबिल अशा प्रत्येक सोसायटीला जड जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे असून, सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठीही किलोवॉटमागे १८ हजार रुपयांचे अनुदान आहे. साहजिकच गच्च्यांवर सौर पॅनेल येणार. मात्र पॅनेलसोबत येणाऱ्या इन्व्हर्टरकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

पॅनेलची वीज ग्रिडच्या मापात बसविणारे हे यंत्र इंटरनेटला जोडलेले असते. मोबाइलवर दिसणारे आकडे बहुधा उत्पादक कंपनीच्या सर्व्हरवरून येतात. त्याच वाटेने यंत्राची आज्ञावली बदलता येते आणि ते बंदही करता येते. अमेरिकेसह काही ठिकाणी नोव्हेंबर २०२४ मध्ये इन्व्हर्टर चीनमधून बंद करण्यात आल्याचे वृत्त ‘रॉयटर्स’ने दिले होते. त्यामागे व्यापारी वाद होता; परंतु जे व्यापारी करू शकतो, ते शत्रुराष्ट्रही करू शकते.

एका गच्चीवरील यंत्र थांबल्याने काहीच बिघडत नाही. धोका आहे तो एकाच आज्ञेने हजारो यंत्रे थांबण्याचा. वीजजाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखावी लागते. भर दुपारी मोठी निर्मिती अचानक नाहीशी झाल्यास ती घसरते आणि संरक्षक यंत्रणा एकेक भाग तोडू लागते.

असा अंधार मुंबई परिसराने १२ ऑक्टोबर २०२० रोजी अनुभवला. लोकल जागीच थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता वर्तविली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चुकीकडे बोट दाखविले. चिनी हॅकरांनी भारतीय वीजसंस्थांना लक्ष्य केल्याचे सांगणाऱ्या ‘रेकॉर्डेड फ्यूचर’नेही त्या घटनेशी थेट संबंध सिद्ध झाल्याचे म्हटले नव्हते. त्यामुळे तो हल्लाच होता, असे ठामपणे म्हणता येत नाही. जाळे किती नाजूक आहे, हे मात्र त्या दिवशी उघड झाले.

लिथुआनियाने २०२४ मध्येच कायदा करून १०० किलोवॉटहून मोठ्या सौर प्रकल्पांवरील चिनी कंपन्यांचे दूरनियंत्रण रोखले. भारतातही इन्व्हर्टरची माहिती देशातील सर्व्हरवरच राहावी, यासाठी केंद्राने २०२५ मध्ये पावले उचलली. परंतु माहिती देशात ठेवणे आणि नियंत्रण देशात ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची हमी मिळाल्याखेरीज पहिलीला फारसा अर्थ नाही. सोसायट्यांनीही दरपत्रक मागविताना किमतीबरोबर एक प्रश्न विचारायला हवा : हे यंत्र दुरून बंद करण्याचा अधिकार कोणाकडे राहणार? त्याचे लेखी उत्तर मिळत नसेल, तर ती स्वस्त वीज उद्या महागात पडू शकते.