नव्या भिक्षुकांची नवी दक्षिणा

आपल्या वाडवडिलांच्या घरी भटजी येत, पोथी सोडीत, कोणास न समजणाऱ्या भाषेत पुटपुटत आणि दक्षिणा कनवटीस लावून चालते होत. यजमानास काय कळले, हे कोणी विचारीत नसे. न कळणे हीच त्या विद्येची किंमत! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढून सांगितले की, देव व माणूस यांमध्ये दलाल नको. मंगलाष्टके मराठीत म्हणा, अर्थ समजून म्हणा. पण बांधवहो, त्या दलालाची गादी आज रिकामी आहे काय?

जरा कॉलेजात डोकावून पाहा. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीस गुणांचे कोष्टक लाविले. निबंध छापला की गुण, परिषदेत वाचला की गुण. मग काय विचारता! पैसे घेऊन निबंध छापणारी दुकाने निघाली. दुकानाच्या पाटीवर 'आंतरराष्ट्रीय', आणि आत वाचणारा एकही नाही. मे २०१८ मध्ये निकृष्ट दर्जा, खोटे दावे अशा कारणांनी आयोगाने आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकिली. पुढे दुसरी यादी केली, तीही २०२५ साली बंद केली. याद्या गेल्या, दुकाने राहिली.

आणि परिषदेचा थाट तो काय वर्णावा! समई, शाल, श्रीफळ, फुल्यांच्या तसबिरीस हार, आणि मग 'कृषक समूहाच्या सीमान्तीकरणाचे परिप्रेक्ष्य' या विषयावर निबंधवाचन. दाराशी उभ्या शेतकऱ्यास पत्ता नाही की, हे आपल्याच कर्जाविषयी चालले आहे. धन्य ते पांडित्य!

हे नवे भिक्षुक एका जातीचे नव्हेत. शेत गहाण टाकून शिकविलेली आमचीही मुले त्या पंक्तीस बसली आहेत. सोवळे बदलले म्हणून भिक्षुकी पालटत नाही. जो न समजणारे बोलतो आणि त्याचे मोल घेतो, तो भटच. मग त्याचे आडनाव काही असो.

यांची दक्षिणा देतो कोण? खताच्या पोत्यावर आणि साबणाच्या वडीवर कर भरणारे तुम्ही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी हेच गाऱ्हाणे मांडिले होते की, पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांस. निदान बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सर्वांस सक्तीचे करा. त्यास एकशेचाळीस वर्षे लोटली, तेव्हा २०२३ साली सरकारने काय काढिले? वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार! वाडीवरची पोर ओढा ओलांडून शाळेस जाईल की घरी बसेल, यावर निबंध लिहिल्यास गुण मिळतील. शाळा वाचविल्यास मिळणार नाहीत.

विद्येशी आमचे वैर नाही. पाडेगावच्या संशोधन केंद्राने 'फुले २६५' हा ऊस दिला; त्याची परीक्षा शेतात झाली, समईपुढे नव्हे. अशा विद्येस आम्ही हात जोडू.

म्हणून बांधवांनो, तुमच्या गावचा मुलगा डॉक्टरेट घेऊन आला, तर त्याचा सत्कार जरूर करा. पण हार घालण्यापूर्वी त्यास चावडीवर बसवा आणि म्हणा, "बाबा, काय शोधलेस ते आमच्या बोलीत सांग." सांगता आले तर तो आपला. न आले तर नारळ आपल्याच घरी न्यावा. निदान चटणी तरी होईल.