बंद दिवसांचा हिशेब कोण ठेवणार?

मे महिन्यात माझ्या दुकानात येणारा माणूस मोटार कोणत्या कंपनीची ते आधी सांगत नाही. आधी सांगतो, झाडं किती आणि पाणी कधीपासून बंद. "भाऊ, पाचशे झाडं हायेत, अन् परवापासून थेंब नाही. मोटार जयली." किती एचपी, बोर किती फूट, केबल कोणती, हे सगळं मागून येतं. मोर्शीत मोटारपंपांचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग विकण्यात माझी उमर गेली, आणि गिऱ्हाइकाचा हा क्रम मला अगदी बरोबर वाटतो. यंत्र विकणाऱ्या कंपन्यांच्या आणि अनुदान देणाऱ्या सरकारच्या कागदांवर मात्र यंत्रं किती बसवली एवढाच आकडा सापडतो. बसवलेलं यंत्र किती दिवस बंद पडून राहिलं, याचा रकाना मी अजून कुठे पाहिला नाही.

आमच्या भागात हा रकाना का महत्त्वाचा आहे, ते संत्र्याच्या झाडाला विचारा. आंबिया बहार घेणारा शेतकरी डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण देतो. जानेवारीच्या मध्याला ताण तोडून पाणी सोडतो, फेब्रुवारीत झाड फुलतं आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, कोवळं फळ फांदीवर असतं. त्या दिवसांत पाणी तुटलं की गळ सुरू होते. गळलेलं फळ दुरुस्तीनंतर परत येत नाही, आणि वॉरंटी कार्डावर त्याचा उल्लेखही नसतो. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आमच्या उशाशी आहे, तरी इथल्या बागांचा मोठा भार विहिरी आणि बोरवरच आहे. भूजलाच्या अतिउपशामुळे वरुड-मोर्शीचा पट्टा डार्क झोन म्हणून ओळखला जातो, बोर आठशे-हजार फुटांपर्यंत गेले आहेत. एवढ्या खोलीतून मोटार काढायची तर घोडी, चेनपुली आणि चार माणसं लागतात. ती वर आल्यावर कळतं की बुश गेला किंवा थ्रस्ट बेअरिंग झिजलं. भाग शे-पाचशे रुपयांचा असतो, त्याच्यापायी थांबण्याची किंमत बाग मोजते.

साध्या विजेच्या सबमर्सिबल मोटारीचं त्यातल्या त्यात बरं चाललं आहे. वाइंडिंग मोर्शीतच होतं. बुश, इम्पेलर, कपॅसिटर, स्टार्टरची कॉइल हा माल राजकोट-कोइमतूरहून नागपूर-अमरावतीच्या ठोक व्यापाऱ्यांकडे येतो. माझ्या फळीवर नसेल तर सकाळी अमरावतीला फोन करायचा. पार्सल एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने येतं आणि दुपारी मी ते स्टँडवरून उचलतो. ही साखळी कुणी आखलेली नाही. ती चालते, कारण मापं ठरलेली आहेत, एकच भाग चार जण बनवतात आणि मोटार कुणालाही उघडता येते. पंधरा किलोमीटरच्या आत ती दुरुस्त करणारा माणूस सापडतो.

सौर पंप आले आणि ही साखळी तुटली. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ची, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ची. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच, बाकीचं अनुदान. पाच वर्षं दुरुस्तीची हमी. योजना चांगलीच आहे, हे मी माझ्या धंद्याला झळ लागूनही म्हणतो. रात्री लोडशेडिंगच्या वेळा सांभाळत बांधावर जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळालं, हे काय थोडं झालं?

पण हा पंप बिघडला की माझ्याकडे विकायला काही नसतं. त्याचा जीव कंट्रोलरमध्ये, आणि कंट्रोलर म्हणजे सीलबंद डबा. डीसी मोटारीला तिच्याच मेकचा कंट्रोलर लागतो, दुसरा चालत नाही. शेतकरी टोल-फ्री नंबर लावतो, तक्रार क्रमांक मिळतो. काही दिवसांनी एक पोरगा येतो, डब्याचा फोटो काढतो आणि "पार्ट वरून यायचा आहे" म्हणून निघून जातो. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने त्याला विचारलं, "वरून म्हणजे कुठून रे बापा? अन् कई येईन?" पोराला दोन्ही ठाऊक नव्हतं. त्यात त्या पोराचा दोष नाही. त्याच्या हातात फोन आहे, भाग नाही.

हमीतल्या भागाचा प्रवास कसा होतो, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. बहुतेक ठिकाणी आधी जुना भाग डेपोला जातो. तिथे तो तपासतात: बिघाड कारखान्याचा की वापरणाऱ्याचा, वीज पडली की उंदराने वायर कुरतडली. क्लेम मंजूर झाला की नवा भाग निघतो. फसवणूक होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था, आणि तिची गरजही आहे. पण ती तपासणी चालू असताना बाग कोरडी राहते. मला साधा प्रश्न पडतो: आधी चालू कंट्रोलर बसवा, जुना घेऊन जा आणि मग महिनाभर तपासत बसा, याला अडचण कोणती? चूक शेतकऱ्याची निघाली तर पैसे मागा.

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे: हजारो पार्ट नंबर आहेत, प्रत्येक तालुक्यात माल कोण भरून ठेवणार? हे उत्तर पोकळ नाही. माझ्याच माळ्यावर बंद झालेल्या मॉडेलचे भाग धूळ खात पडले आहेत. कंपनी ते परत घेत नाही आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणून व्यापारीही हात आखडता घेतो. सगळंच सगळीकडे ठेवा, असं म्हणणारा माणूस कधी दुकानात बसलेला नसतो.

पण सगळं ठेवायची गरजच नाही. गोदामशास्त्रात साठ्याचे तीन वर्ग सांगतात: ज्याच्यावाचून यंत्र थांबतं ते, ज्याच्यावाचून अडखळतं ते आणि ज्याच्यावाचून निभतं ते. रुग्णालयांतली औषधंही अशीच लावतात. कंपन्यांचा साठा मात्र बहुतेक वेळा किंमत आणि खप पाहून लावलेला असतो, त्यामुळे वर्षातून दोनदा लागणारा पण बाग वाचवणारा भाग दूरच्या डेपोत जाऊन बसतो. आणि बिघाड काही अवचित येत नाहीत. माझी उधारीची वही चाळली तर त्यांचं पंचांग निघतं. जानेवारीत ताण तोडायच्या वेळी महिनाभर बंद राहिलेली मोटार अडकते, कपॅसिटर जातात. एप्रिल-मे महिन्यात पाणी खाली गेलं की मोटार कोरडी चालते आणि वाइंडिंग जळतं. जूनमध्ये विजा कडाडल्या की कंट्रोलर आणि पॅनल जातात. पावसाळाभर फवारणीच्या ब्लोअरचे डायफ्राम आणि नोझल, रब्बीच्या तोंडावर रोटाव्हेटरची पाती आणि पीटीओ शाफ्टचे क्रॉस. एका शेतकऱ्याचा कंट्रोलर कधी जाईल हे कुणी सांगू शकत नाही, पण तालुक्यातल्या शेकडो पंपांपैकी जूनमध्ये काही जाणारच, हे मी आज लिहून देतो. म्हणून प्रत्येकासाठी एक नको, सगळ्यांमिळून थोडे जवळ हवेत.

सौर योजनेत तर हे आणखी सोपं आहे. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. मापं तीनच. तरी एका शिवारात तीन पुरवठादारांचे पंप असतील तर तिघांचे कंट्रोलर एकमेकांना चालतीलच असं नाही. सरकार हजारोंनी यंत्रं विकत घेतं, त्याने निविदेत एक अट घातली की जोडणी सारखी असावी, तर राजकोटपासून कोइमतूरपर्यंत कारखाने मुकाट ऐकतील.

आणि सहाव्या वर्षाचं काय? सौर प्लेटांची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते, कंट्रोलर तेवढा टिकत नाही. पाच वर्षं संपली, निविदा जिंकलेली कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, तर प्लेटा उन्हात चकाकतील आणि खाली पाणी नसेल. युरोपीय संघाने २०२१पासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग मॉडेल बाजारातून गेल्यावरही दहा वर्षं मिळाले पाहिजेत आणि पंधरा कामाच्या दिवसांत पोचले पाहिजेत, असा नियम केला आहे. मे महिन्यातल्या संत्र्याला पंधरा दिवस म्हणजे फार झाले, पण तिथे निदान आकडा लिहिलेला आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२४पासून शेतीयंत्रांच्या कंपन्यांना सुटे भाग, अवजारं आणि माहिती शेतकऱ्याला द्यावी लागते.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटारगाडी कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, कारण अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, पण मुद्दा नोंदला गेला. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यातल्या चार क्षेत्रांत शेतीयंत्रंही आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये ट्रॅक्टरच्या भागांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, हेही भलं झालं. पण स्वस्त झालेला भाग वेळेवर आला नाही तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय? अस्सल माल थांबला की डुप्लिकेट चालतो. शेतकऱ्याला फरक कळतो, तरी तो डुप्लिकेट घेतो, कारण तो आज मिळतो.

यात माझा स्वार्थ आहे का? आहे. भाग तालुक्याला ठेवले तर ते कुणाच्या तरी फळीवर राहतील आणि ती फळी माझी असावी असं मला वाटणारच. पण ज्याच्या दारात लोक रागावून येतात, तोच साठा नीट सांभाळतो. माल कंपनीचा, फळी आमची, विकला तर पैसे, उरला तर परत, ही पद्धत औषधांच्या आणि बियाण्यांच्या धंद्यात जुनी आहे. वाइंडिंग करणाऱ्या दोन पोरांना कंट्रोलर उघडायचं शिक्षण दिलं तर अमरावतीहून गाडी निघायची वाट पाहावी लागणार नाही. कुसुमच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्ह्यात सेवा केंद्र ठेवण्याची अट आहेच. आमच्यासाठी जिल्ह्याचं ठिकाण दूर आहे, केंद्र तालुक्याला हवं.

आणि हे पाळलं की नाही, ते मोजायचं कसं? यासाठी नवा कारकून नको. सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये सिम असतं. पंप आज चालला का, किती वेळ चालला, ही माहिती ते दुरून कळवत असतं. म्हणजे बंद दिवसांची नोंद आजही होते आहे, फक्त ज्याची बाग वाळते त्याला ती दिसत नाही. ती गावनिहाय आणि पुरवठादारनिहाय महावितरणने दर महिन्याला उघड करावी. पुरवठादाराची अनामत आणि पुढचं काम त्या आकड्याला बांधावं. तक्रार निकाली निघाली की नाही, हे विचारू नका. पोरगा फोटो काढून गेला तरी ती निकाली निघते. पाणी कोणत्या तारखेला पडलं, ते विचारा.

आमच्या आमदार-खासदारांना सौर पंपांचे आकडे सभेत सांगायला आवडतात, त्यांनी ते जरूर सांगावेत. पण त्याच दमात मागच्या मे महिन्यात मोर्शी-वरुडमधले किती पंप किती दिवस बंद होते, तेही सांगावं, आणि येत्या १५ जानेवारीच्या आत, ताण तोडायच्या आधी, कोणते भाग तालुक्यात येऊन पडतील त्याची यादी कृषी कार्यालयाच्या फलकावर लावून घ्यावी. यादी करायला माझी वही हवी असेल तर दुकान सकाळी नऊला उघडतं.