‘काहीतरी चुकलं’ म्हणजे नेमकं काय?

‘काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’

फोनवर हे वाक्य तुम्ही असंख्य वेळा वाचलं असेल. सोबत एखादा रडका ढग, वर ‘अरेरे!’ असं लाडिक मथळ्यात. माझा आरोप साधा आहे: हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं. काय चुकलं ते यंत्राला ठाऊक असतं. ते तुम्हाला सांगायचं नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

हे मी कशाच्या जोरावर म्हणतो? फ्लॉपीच्या. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं लोकांच्या कॉम्प्युटरवर फ्लॉपीवरून सॉफ्टवेअर टाकण्यात आणि ते मधेच अडकलं की सोडवण्यात गेली. सेव्हच्या बटणावर जे चौकोनी चित्र दिसतं, तीच ही फ्लॉपी. साडेतीन इंची. आत एक लवचीक चकती, तिच्या दोन्ही बाजूंना ८० वर्तुळाकार ट्रॅक, दर ट्रॅकवर १८ सेक्टर आणि दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केलात तर १४,७४,५६० बाइट होतात. तुमच्या फोनमधला एक बरा फोटोही तिच्यात मावणार नाही. ‘विंडोज ९५’ फ्लॉपीवर घेतलं तर १३ फ्लॉप्यांचा गठ्ठा यायचा, आणि तेवढ्यात बसवण्यासाठी त्यातल्या बहुतेक फ्लॉप्यांवर दर ट्रॅकला १८ ऐवजी २१ सेक्टर कोंबलेले असायचे. अकरावी फ्लॉपी अडली की आधीच्या दहा घालण्यात गेलेला वेळ पाण्यात.

तेव्हा हा जुन्या आठवणींचा उमाळा नाही. फ्लॉपी वाईटच होती. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी चढायची. धूळ, ऊन, स्पीकरमधलं लोहचुंबक, सगळं तिच्या मुळावर यायचं. पण काम अडलं की अडचणीचं नाव कळायचं.

‘नॉट रेडी रीडिंग ड्राइव्ह ए’ म्हणजे फ्लॉपी आत नाही किंवा नीट बसलेली नाही. ‘राइट प्रोटेक्ट एरर’ म्हणजे कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवलंय, त्यामुळे लिहिता येणार नाही. ‘सेक्टर नॉट फाउंड’ म्हणजे सेक्टरची खूणच सापडत नाही. ‘डेटा एरर’ म्हणजे सेक्टर सापडला, पण आतला मजकूर बिघडलाय. हे शेवटचं ड्राइव्हला कसं कळायचं? प्रत्येक सेक्टर लिहिताना त्यातल्या मजकुरावर एक गणित करून उत्तराचे दोन बाइट त्याच्या शेपटीला जोडलेले असत. वाचताना तेच गणित पुन्हा व्हायचं. उत्तर जुळलं नाही की मजकूर खराब. डॉसकडेही ‘जनरल फेल्युअर’ नावाचा एक मोघम संदेश होता, हे मान्य. पण तो अनेकांतला एक होता. आज तो एकटाच उरलाय.

आणि संदेशाखाली तीन पर्याय यायचे: अबॉर्ट, रिट्राय, फेल. काम सोडून द्या, पुन्हा वाचून पाहा, किंवा एवढं वाचणं फसलं असं धरून पुढे जा. थट्टा पुष्कळ झाली या तीन शब्दांची. पण त्यात निर्णय माणसाच्या हातात होता.

नाव कळलं की पद्धत सुचते. पाचव्या फ्लॉपीवर ‘डेटा एरर’ आला, तर आधी दोन-तीनदा रिट्राय. मग फ्लॉपी बाहेर काढून मागची धातूची चकती बोटाने थोडी फिरवायची आणि पुन्हा घालायची. तरी नाही, तर तीच फ्लॉपी दुसऱ्या मशीनमध्ये. तिथे वाचली गेली, तर फ्लॉपी निर्दोष आणि पहिल्या मशीनचा ड्राइव्ह संशयित. मग कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्याचं हेड पुसायचं. दोन्हीकडे अडली, तर फ्लॉपी दोषी. तेव्हासुद्धा सगळा गठ्ठा टाकून द्यायची गरज नसे. विंडोज ३.१ असेल तर सगळ्या फ्लॉप्या हार्ड डिस्कवर एकाच फोल्डरमध्ये उतरवायच्या, न उतरलेली एखादी फाइल कुणाच्या तरी तशाच गठ्ठ्यातून आणायची आणि सेटअप तिथूनच चालवायचा. सहा-सात फ्लॉप्यांतली एक फाइल! आजाराचं नाव माहीत होतं, म्हणून औषध एवढं थोडं लागलं.

गंमत म्हणजे त्या काळचे काही व्हायरसही आजच्या ॲपपेक्षा स्पष्ट बोलत. १९९० मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून पसरायचा. ५ जानेवारीला तो कॉम्प्युटर अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला सांगायचा. टाइप केलं की वाट मोकळी. असल्या व्हायरसांच्या उपद्रवातूनच पुण्यातल्या कैलाश आणि संजय काटकर या भावांच्या दुरुस्तीच्या दुकानातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. बिघाड दिसत होता, म्हणून तो दुरुस्त करायला शिकलेली माणसं तयार झाली.

आता आजचं बघा. माझी भाची एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. शेवटचे तीन दिवस उरलेले. तिन्ही रात्री शेवटच्या बटणावर तेच: ‘काहीतरी चुकलं’. पोरगी रडकुंडीला आली. आपलंच नेट वाईट, आपलाच फोन जुना, असं स्वतःला कोसत राहिली. तिसऱ्या दिवशी सायबर कॅफेतल्या मुलाने फोटो बारीक करून दिला आणि अर्ज गेला. फोटोची फाइल मर्यादेपेक्षा मोठी होती, एवढंच. वेबच्या नियमांत ‘पाठवलेला मजकूर फार मोठा आहे’ याला ४१३ असा स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणजे हे सांगायची सोय आहे. नव्हती ती फक्त एक ओळ लिहायची इच्छा. त्या मुलाला यातलं माहीत नसतं, तर तिचं वर्षाचं शुल्क कुणी भरलं असतं?

पैशाच्या बाबतीत तर हे आणखी महाग पडतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण समोरच्याच्या खात्यात पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण हे मागायचं तर व्यवहार कुठल्या टप्प्यावर फसला ते कळायला हवं. मोघम संदेशाचा फायदा कोणाला होतो, ते वेगळं सांगायला नको.

यावर तीन उत्तरं ठरलेली असतात. एक: तांत्रिक भाषेने सामान्य माणूस घाबरतो. अहो, ‘तुमचा फोटो मोठा आहे, लहान करा’ यात तांत्रिक काय आहे? दोन: तपशील दिला तर चोरांचं फावतं. पासवर्ड तपासताना हे खरं आहे, तिथे जरूर गप्प बसा. बाकी ठिकाणी निदान एक क्रमांक द्या, जो मदतकेंद्राला सांगता येईल. तीन: आजच्या यंत्रणा फार गुंतागुंतीच्या आहेत, एका विनंतीमागे कित्येक सर्व्हर असतात. असतात ना! आणि त्यांतल्या बहुतेकांवर नोंदी होत असतात. कारण तुमच्या इंजिनिअरला दिसावं आणि ज्याचा अर्ज अडलाय त्याला दिसू नये, ही गुंतागुंत नव्हे, ही निवड आहे.

माझी मागणी तीन ओळींची आहे. काय अडलं, कोणाच्या बाजूने अडलं, आणि आता काय करायचं, हे प्रत्येक संदेशाने सांगावं. सरकारी अर्जांना आणि पैशाच्या व्यवहारांना तर नियमाने हे बंधनकारक करावं.

तोवर तुम्ही एवढं करा. असा संदेश आला की स्वतःच्या फोनला आणि अकलेला दोष देण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ टिपा आणि ‘नेमकं काय चुकलं?’ असं लेखी विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि तुमच्यापैकी जे उद्या ॲप बनवायच्या नोकरीला लागतील त्यांनी ‘काहीतरी’ हा शब्द टाइप करण्याआधी जरा थांबावं. पलीकडे एखादी मुलगी रात्री बारा वाजता शेवटचं बटण दाबत असेल.